माशीची जबानी, मामांची जबानी

१० एप्रिल

चिरंजीव मुंगीस,

अनेक आशीर्वाद. तू मागितले नाहीस, तरी वडीलधाऱ्यांनी ते देऊन ठेवायचे असतात.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस. पत्रात मोठ्यांचे वाक्य निदान पूर्णविरामापर्यंत सुखरूप पोहोचते. हे पत्र मी स्वतः येऊन तुमच्या प्रयोगशाळेच्या दारातील पेटीत टाकीन. आत येणार नाही. मागच्या खेपेस तुझ्या टेबलावरील बरणीत जे वळवळत होते, त्याने दोन दिवस माझी अन्नावरची वासना उडवली होती.

परवा सोमवारी थोरल्याच्या घराचे दार फोडावे लागले, तेव्हा तू तेथे होतीस. देह नश्वर आहे हे मी चाळीस वर्षे व्यासपीठावरून सांगत आलो. परंतु तो इतक्या लगबगीने नश्वर असतो, याची मला कल्पना नव्हती. माझा सख्खा भाऊ, साऱ्या आयुष्यात नकाशे काढणारा, इंच इंच मोजणारा माणूस, अशा स्थितीत सापडावा! असो.

निरीक्षकांनी माझी जबानी घेतली. मी सांगितले, की शुक्रवारी सकाळी साडेसात ते आठ मी थोरल्यापाशी होतो, आम्ही बोललो आणि त्याची प्रकृती उत्तम होती. मी त्याच्याकडे रोज जातो हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. 'क्षमा' या विषयावरील प्रवचनात मी तो दाखला अनेकदा दिला आहे.

त्याच दिवशी दहा वाजता त्याची परिचारिका यायची होती. ती सोमवारी आणि शुक्रवारी येऊन त्याची साखर तपासत असे. एरवी इंजेक्शन तो स्वतःच घेई. ती म्हणते, "मी बेल वाजवली, दार उघडले नाही, मी परत गेले." साडेसातला ठणठणीत असलेला माणूस दहाला दार का उघडणार नाही? शिवाय औषधाची बाटली रिकामी सापडली. निरीक्षकांचा तर्क असा, की ती आत गेली, मात्रा चुकली आणि घाबरून पळाली. मंगळवारी तिला ताब्यात घेतले. मला वाईट वाटते; पण माझ्या वाटण्याने काय होते?

आता मुद्दा. निरीक्षक जाताना म्हणाले, "बघू या, अळ्या काय म्हणतात ते!" चौकशी केली तेव्हा कळले, की तुमच्या प्रमुख बाई अळ्यांच्या वयावरून मृत्यूचा दिवस ठरवतात. मुंगे, एका पारड्यात वाणीच्या तपावर चाळीस वर्षे बोललेल्या माणसाचा शब्द आणि दुसऱ्यात उकिरड्यावरची माशी! अळ्यांनी काही भलताच दिवस सांगितला, तर लोक काय म्हणतील? बाईंना एवढेच सुचव, की हिशेब शुक्रवारपासून धरावा. एकदोन दिवसांनी माशीचे काय बिघडते?

तुझा,
धाकटा मामा

११ एप्रिल

तीर्थरूप मामा,

तुमचे आशीर्वाद पोहोचले. पेटी उघडणाऱ्या शिपायाने पाकीट माझ्या हातात देताना विचारले, "आत काही जिवंत आहे का?" आमच्याकडे टपालाने जे येते ते बहुधा हलत असते, म्हणून.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. थोरले मामा माझे मामा, म्हणून या प्रकरणाला मी हात लावलेला नाही. सगळे काम बाई करत आहेत. त्या मला काही सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही हवामानावर बोलतो, तेही आवाज खाली ठेवून. तेव्हा तुमची सूचना मी बाईंना केली, तर माझी नोकरी जाईल आणि तुमचा शुक्रवारही वाचणार नाही.

पण तुम्ही विचारलेच आहे, तर तुमच्याच पद्धतीने सांगते. तुम्ही नाही का, मला पाठांतर शिकवताना एकेक पद सुटे करून सांगत होता! निळी माशी मृत देहाचा वास फार लांबून ओळखते. खिडकी उघडी असली, तर तास-दोन तासांत हजर. ती अंडी घालते ती दिवसाउजेडी. अंड्यातून अळी निघते, अळी दोनदा कात टाकते, पोटभर खाते, मग अन्न सोडून कोरडी जागा शोधत दूर निघते, तेथे तिचा कोश होतो आणि कोशातून माशी. या प्रत्येक पायरीला किती तास लागतात ते उष्णतेवर ठरते; ऊब जास्त तर घाई, थंडी असेल तर सुस्ती. म्हणून आम्ही खोलीचे तापमान मोजतो, काही अळ्या उकळत्या पाण्यात टाकून जशाच्या तशा ठेवतो आणि काही जिवंत वाढवून त्यांची माशी होऊ देतो, म्हणजे जात नक्की कळते. मग उलटे मोजत जायचे. यात श्रद्धा लागत नाही, फक्त तापमापक लागतो.

माशीला तुम्ही उकिरड्यावरची म्हणालात, ते खरे आहे. पण ती व्यासपीठावर बसत नाही, तिला सत्कार लागत नाही आणि आजवर तिने कोणाला 'मी रोज जाते' असे सांगितलेले नाही. ती गेली तरच गेली.

एक शंका. शुक्रवारी तुम्ही अर्धा तास बोललात. थोरले मामा काय बोलले? तुमच्या जबानीत तुमचेच बोलणे आहे.

तुमची,
मुंगी

१२ एप्रिल

चिरंजीव मुंगीस,

पाठांतर शिकवले ते असे पलटवून मारण्यासाठी नव्हे, हेही तेव्हाच शिकवायला हवे होते. माझे चुकले.

थोरला काय बोलला म्हणतेस? तो नेहमीप्रमाणे कमीच बोलला. खिडकीपाशी आरामखुर्चीत बसला होता, हातात चहाचा पेला होता. मी त्याला चित्तशुद्धीविषयी चार शब्द सांगितले. त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतले. सत्तर वर्षांत प्रथमच त्याने मला मध्ये तोडले नाही. मला तो शुभशकुन वाटला.

आणि तुझ्याच शास्त्रातील एक गोष्ट तू विसरलीस. त्याच्या खोलीत विजेची शेगडी सुरू होती, कोपऱ्यातली, लाल तारेची. थोरल्याला एप्रिलमध्येही थंडी वाजे. खोली भट्टीसारखी तापली होती. तू म्हणतेस ना, उबेने अळ्या घाई करतात? मग शुक्रवारच्या अळ्या बुधवारच्या दिसू लागल्या, तर त्यात नवल कसले? हे बाईंच्या कानावर घालायला तुझी नोकरी आड येत नसावी. ही शिफारस नव्हे, माहिती आहे.

याहून मोठी गोष्ट सांगतो, तिने मी स्वतः थक्क झालो. पलीकडच्या घरातील शेजारीण काल आपण होऊन निरीक्षकांकडे गेली आणि म्हणाली, "शुक्रवारी सकाळी मी भिंतीपलीकडे धाकट्यांचा आवाज ऐकला. अर्धा तास बोलत होते. मी तो आवाज ओळखते, भाजी चिरताना कितीदा ऐकलाय." मी तिला काही सांगितले नव्हते, मुंगे! तिची माझी ओळखही नाही. सत्पुरुषाच्या शब्दापाठी कोणी तरी उभे राहतेच. मी देवघरात बसून डोळे पुसले.

आता माशीला म्हणावे, बाई, दोन माणसे आणि एक शेगडी तुझ्या विरुद्ध आहेत.

तुझा,
धाकटा मामा

१४ एप्रिल

तीर्थरूप मामा,

ती लाल तारेची शेगडी या क्षणी माझ्या खाटेखाली आहे. मागच्या वर्षी डिसेंबरात थोरल्या मामांनी ती मला दिली. म्हणाले, "घेऊन जा, तुला अळ्या उबवायला होईल. मला तिच्या आवाजाने रेडिओ ऐकू येत नाही." आरामखुर्चीही राहिली नाही, तिचे वेत तुटले, म्हणून तीही त्यांनी त्याच आठवड्यात काढून टाकली. मामा, तुम्ही ज्या खोलीत शुक्रवारी बसला होता ती डिसेंबराच्या आधीची खोली आहे.

मी आता हिशेब करते, तो माशीचा नव्हे, तुमचा. तुमच्या घरापासून थोरल्या मामांचे घर दोन गल्ल्या आणि चोपन्न पायऱ्या. तुम्ही शेवटचे त्या पायऱ्या कधी चढलात? आईला विचारले. ती म्हणाली, "सप्टेंबरातल्या त्याच्या सत्कारानंतर तो गेलाच नाही. थोरल्याने चारचौघांत विचारलं ना, 'तू देवाशी बोलतोस ते ठीक, पण मधूनमधून त्याला बोलू देतोस का?' तेव्हापासून अबोला. ते 'रोज जातो' वगैरे प्रवचनापुरतं. मला वाटलं तुला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, फक्त श्रोत्यांना नाही." सप्टेंबर ते एप्रिल, सात महिने. या सात महिन्यांत तुम्ही क्षमेवर किती प्रवचने दिलीत ते मोजत नाही.

शेजारीण मात्र खोटे बोलत नाही. मी काल तिला भेटले. "आवाज धाकट्यांचाच?" "अहो, धाकट्यांचाच. बुधवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेसातला. न चुकता." "आणि इतर वेळी?" "इतर वेळी गाणी, बातम्या, हवामान. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं लावतो. गेल्या आठवड्यात तर चार-पाच दिवस बंदच केला नाही. मी भिंतीवर लाटणं सुद्धा आपटलं." मग ती थांबली आणि तिनेच तोंडावर हात ठेवला.

मामा, तुमची आधी मुद्रित केलेली प्रवचनमाला रेडिओवर बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला असते. देवघरात पुसलेले डोळे परत घ्या.

आता जे मी स्वतः पाहिले ते. सोमवारी ओळख पटवण्यासाठी मी त्या दारात अर्धा मिनिट उभी होते. खिडकीची जाळी फाटलेली, भिंतीवरच्या तापमापकावर चोवीस अंश. आणि अळ्या देह सोडून भिंतीच्या कडेने निघाल्या होत्या, कोरडी जागा शोधत. शुक्रवारच्या अळीला सोमवारी सकाळी हे जमत नाही. ती अजून जेवत असते. या हवेत इथवर यायला पाच दिवस लागतात. मी जे पाहिले ते कागदावर लिहून बाईंना दिले आणि बाजूला झाले. थोरले मामा बुधवारी गेले. तुम्ही शुक्रवारी ज्यांना चित्तशुद्धी सांगितली, ते मुकाट्याने ऐकत होते याचे मला नवल वाटत नाही.

पण मी इतक्या कडक शब्दांत लिहिते आहे ते एका गोष्टीसाठी, जी तुम्ही दोन्ही पत्रांत गाळलीत. परिचारिकेने तिच्या जबानीत म्हटले आहे, की शुक्रवारी दार उघडले नाही तेव्हा तिने जिन्यातूनच तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मी आत्ताच भेटून आलो. तो बरा आहे. रुसला असेल, उघडायचा नाही. तुम्ही जा." ती गेली. रिकाम्या बाटलीच्या जागी ठेवायची नवी बाटली तिच्या पिशवीतच होती. सोमवारी पुन्हा दार उघडेना, तेव्हा तिनेच आरडाओरडा करून ते फोडायला लावले. निरीक्षक म्हणतात, तो फोन म्हणजे तिचा बनाव. कारण तुमच्यासारखा माणूस शुक्रवारी खरोखरच भेटला असणार.

बाईंच्या डब्यातल्या कोशांना पंख फुटायला अजून पाच दिवस आहेत. मग अहवाल, मग सही, मग शिक्का. माशीचा नाइलाज आहे. तुम्हाला तोंड आजच आहे.

मुंगी

१५ एप्रिल

मुंगीस,

आईने आणि तू मिळून माझी चौकशी चालवली आहे असे दिसते.

बोलणे हे केवळ जिभेनेच होते असे शास्त्र मानत नाही. शुक्रवारी पहाटेच्या प्रार्थनेत मी थोरल्याचे स्मरण केले, त्याच्यासमोर मनाने बसलो, त्याच्याशी बोललो. 'त्याच्यापाशी होतो' या माझ्या शब्दांना मानसिक भेटीचा आधार आहे. त्यात असत्य नाही. निरीक्षकाला हे सूक्ष्म भेद कळणार नाहीत, म्हणून मी त्यात शिरलो नाही. फोनवर त्या बाईला काय म्हणालो ते मला नीट आठवत नाही. रेडिओचा आवाज होता.

माझ्या नावावर पुढच्या महिन्यात सात दिवसांचे प्रवचन ठरले आहे. विषय 'सत्य'. पत्रिका छापून झाल्या आहेत. तेव्हा माशीला पंख फुटू दे. पाच दिवस म्हणजे काही युग नव्हे.

मामा

१६ एप्रिल

तीर्थरूप मामा,

मानसिक भेट समजली. परिचारिका मात्र शारीरिक कोठडीत आहे. तिच्या संस्थेने तिचे नाव यादीतून काढले, तेही मनाने नव्हे, शाईने.

काल निरीक्षकांनी मला बोलावले. थोरल्या मामांच्या रेडिओशेजारी एक वही सापडली होती, तिच्यातले अक्षर कोणाचे ते ओळखायचे होते. अक्षर नकाशावरच्या नावांसारखे. मी लांबूनच ओळखले. पहिल्या पानावर लिहिले आहे: 'धाकट्याची प्रवचने: चुका आणि दुरुस्त्या.' दर बुधवारी आणि शुक्रवारी एक पान, पट्टीने आखलेले, तारीख आधीच घालून ठेवलेली. डावीकडे वेळ, उजवीकडे शेरा. मी तेवढ्यात जितके वाचले तितके सांगते.

'७.३४. नदीचा तोच दृष्टांत, तिसऱ्यांदा. नदी आटली असेल एव्हाना.'

'७.४१. म्हणतो, मी रोज भावाकडे जातो. आजही चहा दोन पेले केला. एक वाया.'

'७.५०. खोकतोय. औषध घेत नसणार. कोणी तरी सांगायला हवे. मी सांगितले तर मुद्दाम घेणार नाही.'

'७.५५. शेवट चांगला केला. आवाज आईवर गेलाय.'

बुधवार, तीन एप्रिलचे पान भरलेले आहे. शेवटचा शेरा ७.५८ चा: 'पुढच्या वेळी येईल असे वाटते. उगीच.' शुक्रवार, पाच एप्रिलच्या पानावर तारीख आहे, आखणी आहे, खाली काही नाही. मामा, त्या दिवशी तुमचे प्रवचन त्या खोलीत अर्धा तास झाले. शेजारणीने खरेच सांगितले. फक्त चुका काढणारा उरला नव्हता.

निरीक्षकांनी वही पाहिली, मिटली. म्हणाले, "लिहिलं नसेल त्या दिवशी, कंटाळा आला असेल. भाऊ स्वतः सांगतोय ना भेटला म्हणून! अशा माणसाला खोटं बोलायचं कारण काय?" तुमच्या नावाचे वजन एवढे आहे, की त्याखाली थोरल्या मामांचे अक्षरसुद्धा चिरडते.

आता शेवटचे सांगते आणि गप्प बसते. तुम्हाला कशाची भीती वाटते आहे ते मला कळते आहे, असे समजा. लोक काय म्हणतील, ही वरची भीती. खालची भीती ही, की शुक्रवारी फोनवर 'बरा आहे' म्हणालात तेव्हा ते कदाचित आत पडलेले असतील, श्वास चालू असेल आणि तुमच्या एका वाक्याने मदत जिना उतरून गेली असेल. तसे नव्हते, मामा. बुधवारी दुपारच्या उन्हात निळी माशी तेथे येऊन गेलेली होती. तुमचे खोटे त्यांच्या मरणानंतर दोन दिवसांनी जन्मले. त्या उकिरड्यावरच्या माशीने परिचारिकेला सोडवायच्या आधी तुम्हालाच सोडवले आहे, तेही तुम्ही तिच्याकडे वशिला लावलेला असताना.

आता तुम्ही त्या बाईला सोडवायचे की नाही, ते तुम्ही आणि तुमचा देव बघा. त्यालाही थोडे बोलू द्या.

मुंगी

४ मे

चिरंजीव मुंगीस,

आशीर्वाद. या वेळी ते मागे ठेवून आधी लिहावे असे वाटत होते; पण सवय जात नाही.

तुझे शेवटचे पत्र मिळाले त्या दिवशी मी देवापुढे बसलो आणि नेहमीप्रमाणे बोलू लागलो. बराच वेळ बोलल्यावर थोरल्याचा तो प्रश्न आठवला. मग गप्प राहिलो. मी देवापुढे गप्प राहिल्याचे मला आठवत नाही. फार अवघड गेले. एक माशी समोरच्या दिव्याभोवती फिरत होती. तिच्या तेवढ्या गुणगुणीत मला अख्खी जबानी ऐकू येऊ लागली. उठलो, चपला घातल्या आणि निरीक्षकांकडे गेलो.

संवाद जसा झाला तसा लिहितो. त्यात दुरुस्ती केलेली नाही.

"बसा, महाराज. चहा?"

"चहा नको. माझी जबानी खोटी आहे. मी शुक्रवारी भावाकडे गेलो नव्हतो. सात महिन्यांत गेलो नव्हतो. त्या बाईचा फोन आला होता, मी तिला खोटे सांगून परत पाठवले."

त्यांनी माझ्या जबानीचा कागद पुढे ओढला आणि विचारले, "मग शुक्रवारी साडेसातला कुठे होता?"

"घरी. रेडिओ ऐकत होतो."

"रेडिओवर काय होतं?"

"मीच."

कोपऱ्यात टंकलेखन करणारा शिपाई हसला. निरीक्षकांनी त्याला दटावले आणि मग स्वतःच रुमाल तोंडाला लावला. मुंगे, माझ्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत श्रोते इतक्या मनापासून कधी हसले नव्हते. खोटी जबानी दिल्याबद्दल माझ्यावर काय कारवाई व्हायची ती वरिष्ठ ठरवतील. ते कागद वर गेले आहेत. परिचारिका त्याच संध्याकाळी घरी गेली. बाईंचा अहवाल नंतर आला, त्यात बुधवार, दुपारपूर्वी, असे होते. माशीने माझ्या शब्दाला दुजोरा दिला. मी हे लिहिताना मान खाली घातली आहे.

सत्यावरील प्रवचन मी रद्द करणार होतो. मग वाटले, पत्रिका छापल्याच आहेत, तर एकदा विषयाला धरून बोलून पाहू. पहिल्याच दिवशी उभा राहिलो आणि सगळे सांगितले: अबोला, चोपन्न पायऱ्या, फोन, कोठडी, वही. काही झाकले नाही. दुसरा चहाचा पेलासुद्धा सांगितला.

आता ऐक काय झाले ते. सभा संपल्यावर लोक रांगेने भेटायला आले. एक म्हणाला, "काय विनय! स्वतःवर घेऊन दाखला देणं कोणाला जमतं?" दुसरा म्हणाला, "तो भाऊ म्हणजे परमात्मा, आणि चोपन्न पायऱ्या म्हणजे साधना, असंच ना?" तिसऱ्याने भाषणाची प्रत मागितली, मंडळात वाचायला. एक बाई म्हणाल्या, "आणि ती माशी म्हणजे?" मी म्हणालो, "माशी म्हणजे माशी." त्या म्हणाल्या, "वा!" मी खोटे बोलत होतो तोवर त्यांनी ते खरे मानले आणि खरे बोललो तेव्हा दृष्टांत मानला. दुसऱ्या दिवशी सभागृहात बसायला जागा नव्हती. मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ते म्हणतात, मी मौन धरले आहे आणि ते त्याचाही अर्थ लावत आहेत.

एकच व्यक्ती त्या कौतुकात सामील झाली नाही. माझीही साखर वाढली आहे, हे तुला आई बोललीच असेल. मी संस्थेत गेलो आणि त्याच परिचारिकेला पाठवा म्हणून सांगितले. तिचे नाव यादीतून ज्या कारणाने काढले ते कारण खोटे होते आणि ते माझे होते, हे लिहून दिले. तिचे नाव परत लावले. ती यायला तयार होईल असे मला वाटले नव्हते. ती आली.

ती सोमवारी आणि शुक्रवारी येते, दहा वाजता. पहिल्या दिवशी बेल वाजली. माझे गुडघे दुखत होते, म्हणून खाटेवरूनच ओरडलो, "मी बरा आहे, बाई. आज राहू द्या, आपण शुक्रवारी बघू."

दाराबाहेरून तिचा आवाज आला, अगदी नेहमीच्या स्वरात, रागाचा लवलेश नसलेला:

"आजोबा, आवाज नको. दार उघडा आणि माणूस दाखवा."

मी भिंतीला धरत उठलो, दारापर्यंत गेलो, कडी काढली. तिने मला नखशिखांत पाहिले. तुम्ही लोक अळीकडे पाहता तसेच: रोष नाही, माया नाही, फक्त नोंद. मग वहीत वेळ लिहिली आणि आत आली.

थोरल्याची वही निरीक्षकांकडून परत मिळाली, तर मला दे. शुक्रवार, पाच एप्रिलचे पान मला भरायचे आहे. चुका मीच काढीन.

तुझा,
धाकटा मामा